जाळ्यातील उपकरणांचा परवलीचा शब्द : योजना आणि पुनःस्थापना

संगणकांच्या जाळ्यात राउटर आणि स्विच ही उपकरणे संदेशांच्या वाहतुकीचे नियमन करतात. कोणता संदेश कोणत्या मार्गाने जावा, कोणत्या विभागाचा कोणाशी संबंध यावा आणि कोणास मज्जाव असावा, हे सारे त्यांच्या स्मृतीत साठविलेल्या सूचनांवरून ठरते. या सूचनांच्या समुच्चयास व्यवहारात कॉन्फिगरेशन म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यासाठी 'विन्यास' हा शब्द योजला आहे. ज्याला विन्यास बदलता येतो तोच वस्तुतः त्या जाळ्याचा स्वामी होय. म्हणून विन्यासाकडे जाणाऱ्या वाटेवर परवलीच्या शब्दाचा पहारा बसवावा लागतो.

या पहाऱ्याकडून दोन अपेक्षा असतात आणि त्या परस्परविरोधी आहेत. परक्यास तो ओलांडता येऊ नये, ही पहिली. परवलीचा शब्द विस्मृतीत गेला, अथवा तो जाणणारा मनुष्य नोकरी सोडून गेला, तरी खऱ्या मालकास उपकरण पुन्हा हाती घेता यावे, ही दुसरी. ई-मेलच्या खात्याचा परवलीचा शब्द विसरला तर सेवा पुरविणारी संस्था अन्य मार्गाने ओळख पटवून घेऊन नवा शब्द ठरवू देते. राउटरच्या बाबतीत असा तिसरा साक्षीदार सहसा नसतो. समोर बसलेला मनुष्य मालक आहे की चोर, हे जाणण्याचे कोणतेही साधन त्या यंत्रापाशी नाही. उपकरणांच्या रचनाकारांनी या पेचातून कोणता मार्ग काढला आणि त्या मार्गामुळे संस्थांवर कोणती जबाबदारी येऊन पडते, याचा येथे विचार करावयाचा आहे. उदाहरणादाखल १९८४ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या सिस्को या कंपनीची उपकरणे घेतली आहेत. कारण त्यांची आज्ञापद्धती पुष्कळ विद्यार्थ्यांच्या परिचयाची आहे. तत्त्वे मात्र इतर कंपन्यांच्या उपकरणांसही थोड्याफार फरकाने लागू पडतात.

प्रवेशाचे मार्ग आणि अधिकाराचे स्तर

उपकरणात प्रवेश करण्याचे मुख्य मार्ग दोन. पहिला कन्सोलचा. उपकरणाच्या अंगावरच एक जोडणी असते. तीत तार लावून संगणक जोडला आणि दळणवळणाचा वेग सामान्यतः सेकंदास ९६०० बिट ठेवला की संभाषण सुरू होते. दुसरा मार्ग जाळ्यातून येणारा. तो वापरणारा मनुष्य शेजारच्या खोलीत असेल किंवा दुसऱ्या खंडातही असेल. पहिल्या मार्गाचा विन्यास 'लाइन कन्सोल ०' या आज्ञेखाली लिहिला जातो, तर दुसऱ्याचा 'लाइन व्हीटीवाय ० ४' या आज्ञेखाली. यातील ० ते ४ हे आकडे एकाच वेळी चालू शकणाऱ्या पाच संभाषणांचे निदर्शक आहेत.

परवलीचा शब्द ठरविणे आणि तो विचारावयास सांगणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत हे नवशिक्याच्या बहुधा ध्यानात येत नाही. 'पासवर्ड' या आज्ञेने शब्द ठरतो. तो विचारला जातो 'लॉगिन' या आज्ञेमुळे. कोऱ्या उपकरणात कन्सोलच्या मार्गावर 'लॉगिन' नसते; तेथे येणाऱ्यास कोणीही अडवीत नाही. जाळ्याच्या मार्गावर मात्र ते मुळातच असते आणि परवलीचा शब्द ठरविलेला नसेल तर, 'शब्द आवश्यक आहे, पण ठरविलेला नाही', अशा अर्थाचा संदेश देऊन उपकरण संबंध तोडून टाकते. हा भेद सहेतुक आहे. कन्सोलपाशी आलेला मनुष्य खोलीचे दार ओलांडून आला आहे, तेव्हा त्याला कोणी तरी आत घेतले असले पाहिजे, असे यंत्र गृहीत धरते. जाळ्यातून आलेल्याविषयी असे काहीच गृहीत धरता येत नाही. पुढील विवेचनाचे बीज या एका गृहीतकात आहे.

प्रवेश मिळाल्यानंतरही सर्व अधिकार एकदम हाती येत नाहीत. प्रथम केवळ पाहण्याचा अधिकार मिळतो. विन्यास बदलण्यासाठी 'एनेबल' ही आज्ञा देऊन वरच्या स्तरावर जावे लागते आणि तेथे दुसरा परवलीचा शब्द द्यावा लागतो. हा शब्द 'एनेबल पासवर्ड' या जुन्या किंवा 'एनेबल सीक्रेट' या नव्या आज्ञेने ठरतो. दोन्ही दिल्या असतील तर दुसरीच प्रमाण मानली जाते. सर्वांस मिळून एकच शब्द देण्यापेक्षा 'युजरनेम' या आज्ञेने प्रत्येक अधिकाऱ्याचे स्वतंत्र नाव व शब्द नोंदवून 'लॉगिन लोकल' अशी सूचना देणे इष्ट होय. त्यायोगे कोणी काय केले याचा माग राहतो, आणि एक मनुष्य नोकरी सोडून गेला तर एकच नोंद पुसावी लागते.

शब्द कितीही अवघड असला तरी तो कोणत्या वाहनातून जातो यालाही महत्त्व आहे. टेलनेट या जुन्या पद्धतीत टंकलेले प्रत्येक अक्षर उघड्या रूपात तारेवरून जाते. १९९५ मध्ये फिनलंडमधील हेलसिंकी येथील तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यात परवलीचे शब्द चोरून टिपून घेण्याचा प्रकार घडला. त्यातूनच तेथील तातू इलोनेन या संशोधकाने संपूर्ण संभाषण गूढलिपीत नेणारी एसएसएच ही पद्धती निर्माण केली. जाळ्याच्या मार्गावर आज केवळ तिलाच मुभा असावी, याविषयी तज्ज्ञांत दुमत नाही.

शब्द कसा साठवावा

ठरविलेला परवलीचा शब्द विन्यासातच साठविला जातो आणि विन्यासाच्या प्रती अनेक ठिकाणी फिरतात. त्या राखीव म्हणून अन्य संगणकांवर ठेवल्या जातात, सहकाऱ्यांस पाठविल्या जातात, क्वचित कागदावर छापल्याही जातात. शब्द उघड्या रूपात असेल तर अशा प्रत्येक प्रतीबरोबर किल्लीही हातोहात जाते.

'सर्व्हिस पासवर्ड-एन्क्रिप्शन' ही आज्ञा दिल्यास हे शब्द अगम्य आकड्यांच्या रूपात दिसू लागतात. या रूपास 'प्रकार ७' म्हणतात. परंतु ही अगम्यता केवळ दिखाऊ आहे. शब्दाचे प्रत्येक अक्षर एका ठराविक मालिकेतील अक्षराशी संयोग करून बदललेले असते. ती मालिका सर्व उपकरणांत एकच असून कित्येक वर्षांपूर्वीच सर्वज्ञात झाली आहे. त्यामुळे मूळ शब्द क्षणार्धात काढता येतो. पाठीमागे उभ्या असलेल्या मनुष्याने पडद्याकडे पाहिले तर त्यास शब्द सहज वाचता येऊ नये, एवढाच या पद्धतीचा उपयोग आहे.

खरा उपाय याहून निराळा आहे. परवलीचा शब्द पुन्हा वाचता येईल अशा रूपात साठवूच नये. त्याचे असे रूपांतर साठवावे की शब्दावरून रूपांतर काढता येईल, परंतु रूपांतरावरून शब्द काढता येणार नाही. केंब्रिज विद्यापीठात रॉजर नीडहॅम यांनी या कल्पनेचा अवलंब केला आणि मॉरिस विल्क्स यांनी १९६८ मधील आपल्या ग्रंथात तिचे वर्णन केले. पुढे १९७९ मध्ये रॉबर्ट मॉरिस व केन टॉम्सन यांनी आपल्या सुप्रसिद्ध निबंधात तिला दोन गोष्टींची जोड दिली. रूपांतराची क्रिया हेतुपुरस्सर मंद करावी, ही पहिली. कारण प्रामाणिक वापरकर्त्यास ती एकदाच करावयाची असते, पण अंदाज करीत बसणाऱ्यास कोट्यवधी वेळा करावी लागते. दुसरी गोष्ट अशी की, प्रत्येक शब्दात रूपांतरापूर्वी एक यदृच्छ संख्या मिसळावी, म्हणजे दोघांचे शब्द एकच असले तरी त्यांची साठविलेली रूपे भिन्न होतील. या मिसळणीस सॉल्ट, म्हणजे मीठ, असे अन्वर्थक नाव पडले आहे. मॉरिस-टॉम्सन यांच्या योजनेत हे मीठ १२ बिटांचे, म्हणजे ४०९६ प्रकारचे होते.

सिस्कोच्या उपकरणांतील पुढील प्रकार याच तत्त्वांवर उभारलेले आहेत. प्रकार ५ मध्ये एमडी५ या क्रियेची १००० आवर्तने आणि मीठ असते. या पद्धतीचा मूळ कर्ता पॉल-हेनिंग कॅम्प यानेच २०१२ मध्ये, यंत्रांचा वेग पाहता ती आता सुरक्षित मानू नये, असे जाहीर केले. प्रकार ४ ची कथा अधिक उद्बोधक आहे. तो प्रकार ५ पेक्षा बळकट व्हावा या हेतूने आणला गेला. प्रत्यक्षात मात्र घडणीतील चुकीमुळे त्यात ना मीठ राहिले, ना आवर्तने. एसएचए-२५६ ही क्रिया केवळ एकदाच केली जात होती, आणि नवा प्रकार जुन्याहून दुबळा ठरला. २०१३ मध्ये हा दोष उघडकीस आल्यावर कंपनीने तो मान्य केला आणि तो प्रकार मागे पडला. आज प्रकार ८ व प्रकार ९ हे दोन विश्वसनीय गणले जातात. पहिल्यात एसएचए-२५६ वर आधारलेल्या क्रियेची २०,००० आवर्तने होतात; दुसऱ्यात स्क्रिप्ट नावाची, पुष्कळ स्मृती व्यापणारी क्रिया वापरलेली असते. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने फेब्रुवारी २०२२ मध्ये प्रकार ८ ची शिफारस केली.

या विवेचनातून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. रूपांतर जर खरोखरच एकदिश असेल, तर साठविलेला शब्द चोरास वाचता येत नाही, तसाच तो मालकासही वाचता येत नाही. व्यवहारात 'पासवर्ड रिकव्हरी' असा शब्दप्रयोग रूढ आहे. पण हरवलेला शब्द पुन्हा हाती लागतो असा त्याचा अर्थ नव्हे. जुना शब्द बाजूस सारून नवा बसविणे, एवढेच शक्य असते. म्हणून या क्रियेस पुनःप्राप्ती न म्हणता पुनःस्थापना म्हणणे अधिक यथार्थ होय.

पुनःस्थापनेची क्रिया आणि तिची उपपत्ती

पुनःस्थापना समजून घेण्यासाठी राउटरच्या स्मृतीचे विभाग ध्यानात घेतले पाहिजेत. यंत्र प्रथम जागे करणारा छोटा कार्यक्रम एका विभागात असतो. मुख्य कार्यप्रणाली फ्लॅश या विभागात असते. वीज गेली तरी टिकणारा विन्यास एनव्हीरॅम या विभागात असतो, त्यास 'स्टार्टअप-कॉन्फिग' म्हणतात. आणि प्रत्यक्ष अमलात असलेला विन्यास चालू स्मृतीत असतो, तो 'रनिंग-कॉन्फिग'. यंत्र सुरू होताना टिकाऊ विन्यासाची प्रत चालू स्मृतीत आणली जाते. परवलीचे शब्द या विन्यासाचाच भाग आहेत. तेव्हा यंत्र सुरू होताना विन्यास वाचलाच गेला नाही, तर त्या यंत्रास परवलीचा कोणताही शब्द ठाऊक असणार नाही. साऱ्या क्रियेचे मर्म एवढेच.

विन्यास वाचावा की वाचू नये, हे १६ बिटांच्या एका नोंदीवरून ठरते. तिला कॉन्फिगरेशन रजिस्टर म्हणतात. तिचे नेहमीचे मूल्य षोडशमान पद्धतीने २१०२ असते. द्विमान पद्धतीने मांडल्यास ते ००१० ०००१ ०००० ००१० असे होते. हे मूल्य २१४२ केले, तर ००१० ०००१ ०१०० ००१० अशी मांडणी होते. दोहोंत फरक एकाच बिटाचा आहे. तो १ झाला की सुरू होताना टिकाऊ विन्यासाकडे दुर्लक्ष करावे, असा आदेश यंत्रास मिळतो.

प्रत्यक्ष कृती पुढील क्रमाने होते. कन्सोलला संगणक जोडून राउटरची वीज बंद करून पुन्हा सुरू करावी आणि पहिल्या ६० सेकंदांच्या आत कळफलकावरून ब्रेकचा संकेत पाठवावा. मुख्य कार्यप्रणाली सुरू न होता रॉममॉन हा प्राथमिक कार्यक्रम पुढे येतो. तेथे 'कॉन्फरेग' या आज्ञेने नोंदीचे मूल्य २१४२ करून 'रीसेट' ही आज्ञा द्यावी. यंत्र पुन्हा सुरू होते, पण कोऱ्या अवस्थेत. प्रारंभिक प्रश्नावली नाकारून 'एनेबल' म्हणताच, कोणताही शब्द न विचारता, वरचा स्तर खुला होतो.

यानंतरची पायरी सर्वांत नाजूक. या क्षणी चालू विन्यास कोरा असून टिकाऊ विन्यास शाबूत असतो. येथे टिकाऊ विन्यास चालू स्मृतीत आणावयाचा आहे. म्हणजे 'कॉपी स्टार्टअप-कॉन्फिग रनिंग-कॉन्फिग' अशी आज्ञा द्यावयाची आहे. घाईने क्रम उलटा झाला, तर कोरा विन्यास टिकाऊ विन्यासावर लिहिला जातो आणि वर्षानुवर्षांचे काम एका ओळीने पुसले जाते. योग्य क्रमाने प्रत आणली असता जुने शब्दही तिच्याबरोबर परत येतात. पण वरच्या स्तरावर आधीच पोहोचलेल्यास ते पुन्हा विचारले जात नाहीत. म्हणून संभाषण न सोडता 'एनेबल सीक्रेट' आणि इतर मार्गांचे शब्द नव्याने ठरवावेत.

अद्यापि दोन कामे उरतात. कोऱ्या राउटरच्या जाळ्याच्या जोडण्या बंद अवस्थेत असतात. जोडणी बंद असल्यास विन्यासात तशी नोंद असते, मात्र ती चालू असल्याची नोंद नसते. त्यामुळे जुना विन्यास आणल्यानेही त्या आपोआप उघडत नाहीत. आवश्यक त्या प्रत्येक जोडणीवर 'नो शटडाउन' अशी आज्ञा द्यावी लागते. दुसरे काम म्हणजे नोंदीचे मूल्य पुन्हा २१०२ करणे. ते राहून गेले तर सारे काही सुरळीत चालल्यासारखे दिसते. पण पुढे केव्हा तरी वीज जाऊन आली की राउटर पुन्हा कोरा होऊन उठतो. शेवटी चालू विन्यास टिकाऊ स्मृतीत साठवून क्रिया पूर्ण करावी.

कॅटॅलिस्ट जातीच्या पुष्कळ स्विचांत याच तत्त्वाचे दुसरे रूप आढळते. तेथे पुढील बाजूची मोड ही कळ दाबून धरून वीज सुरू करावयाची, विन्यासाच्या फाइलीचे नाव बदलावयाचे आणि यंत्र सुरू होऊ द्यावयाचे. ठरलेल्या नावाची फाइल सापडत नाही, म्हणून स्विच कोरा सुरू होतो. मग मूळ नाव पुन्हा देऊन विन्यास चालू स्मृतीत आणावयाचा.

ताबा हाच अखेरचा पुरावा

वरील क्रियेत कोठेही ओळख पटविलेली नाही. वीज बंद करता येणे आणि कन्सोलला तार लावता येणे, एवढ्यावर यंत्र संतुष्ट होते. अर्थात प्रारंभीच्या पेचाला रचनाकारांनी दिलेले उत्तर असे आहे : ज्याच्या ताब्यात यंत्र, तो मालक. हा दोष नसून निवड आहे. तिचा परिणाम असा की, परवलीच्या शब्दाचे सामर्थ्य जाळ्यातून येणाऱ्यापुरते मर्यादित राहते. समोर उभ्या असलेल्या मनुष्यापासून रक्षण करावयाचे ते खोलीच्या कुलपाने. विभागाच्या मार्गिकेत उघड्या कपाटात ठेवलेल्या स्विचास २० अक्षरांचा परवलीचा शब्द देणे म्हणूनच निरर्थक ठरते.

ज्यांना हे उत्तर मान्य नाही, त्यांच्यासाठी 'नो सर्व्हिस पासवर्ड-रिकव्हरी' ही आज्ञा आहे. ती दिल्यावर ब्रेकच्या संकेताने विन्यास वगळण्याची सोय बंद होते. उरतो तो केवळ सारा विन्यास पुसून यंत्र मूळ अवस्थेत नेण्याचा पर्याय. चोराच्या हाती यंत्र लागले तरी विन्यासातील गुपिते लागत नाहीत. पण मालकाने शब्द गमावला तर विन्यासही गमावला. गुप्तता आणि सातत्य यांपैकी एकाची निवड येथे करावी लागते.

या निवडीचे गांभीर्य २००८ मध्ये अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात दिसून आले. नगरप्रशासनाचे फायबरवॅन नावाचे जाळे बांधणाऱ्या अभियंत्याने त्याच्या मुख्य उपकरणांचे परवलीचे शब्द स्वतःपाशीच ठेवले होते आणि त्यांवरील पुनःस्थापनेची सोयही बंद केली होती. वरिष्ठांनी शब्द मागितले असता त्याने ते देण्याचे नाकारले. जुलै महिन्यात त्याला अटक झाली; आणि अखेर त्याने ते शब्द सांगितले ते तुरुंगात भेटावयास आलेले महापौर गॅव्हिन न्यूसम यांना. या अवधीत जाळे चालूच होते. परंतु त्यात एक अक्षरही बदलण्याचा अधिकार शहराच्या हाती उरला नव्हता. अभियंता एप्रिल २०१० मध्ये दोषी ठरला, त्याला ४ वर्षांची शिक्षा झाली आणि २०१३ मध्ये वरिष्ठ न्यायालयानेही तो निर्णय कायम केला. शिक्षेच्या योग्यायोग्यतेविषयी मतभेद असू शकतील. पण यंत्रे शहराच्या ताब्यात असूनही शहर त्यांचे स्वामी राहिले नाही, ही गोष्ट निर्विवाद आहे. आणि हे घडले ते कोणत्याही तांत्रिक बिघाडाने नव्हे, तर ती निवड एका मनुष्याने एकट्याने केली म्हणून.

कारखान्यातून आलेला शब्द

पुनःस्थापनेचा आणखी एक प्रकार घराघरांत परिचित आहे. घरगुती राउटरच्या पाठीमागील बारीक छिद्रात टाचणी घालून काही क्षण दाबून धरली की यंत्र कारखान्यातील मूळ अवस्थेत जाते. विन्यास जातो आणि त्याबरोबर मालकाने ठरविलेला शब्दही जातो. त्याच्या जागी कारखान्यातील शब्द परत येतो. हा शब्द एका नमुन्याच्या सर्व यंत्रांत एकच असेल, तर तो परवलीचा शब्द राहत नाही. तो केवळ एक जाहीर झालेला संकेत होतो.

२०१६ मध्ये मिराई नावाच्या उपद्रवी कार्यक्रमाने हे जगास दाखवून दिले. त्याच्यापाशी कारखान्यातील नावे व शब्द यांच्या सुमारे ६० जोड्यांची यादी होती. टेलनेटचा मार्ग उघडा असलेल्या कॅमेऱ्यांवर व राउटरांवर तो त्या एकामागून एक लावून पाहत असे. अशा रीतीने अंकित केलेल्या यंत्रांच्या साहाय्याने २१ ऑक्टोबर २०१६ रोजी डिन या कंपनीवर हल्ला झाला आणि अनेक मोठ्या संकेतस्थळांशी संपर्क तुटला. मिराई केवळ चालू स्मृतीत राहत असे. यंत्र बंद करून सुरू केले की तो नाहीसा होई. परंतु शब्द तोच राहिला तर थोड्याच अवधीत पुन्हा लागण होत असे. भारतातही जुलै २०१७ मध्ये भारत संचार निगमाच्या ग्राहकांकडील मोडेमांना अशाच प्रकारचा उपद्रव झाला आणि मूळचा शब्द बदलण्याचे आवाहन ग्राहकांना करण्यात आले. पुढे कायद्यानेही या प्रश्नात लक्ष घातले. कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२० पासून आणि ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून, सर्व यंत्रांस एकच शब्द देऊन ती विकण्यास कायद्याने प्रतिबंध झाला आहे.

संस्थांचे कर्तव्य

सारांश, परवलीच्या शब्दाचा प्रश्न आज्ञांच्या ज्ञानाने अर्धाच सुटतो. उरलेला अर्धा भाग संस्थेने आधीच घ्यावयाच्या निर्णयांचा आहे. उपकरणे कुलूपबंद जागेत असावीत आणि त्या कुलपाची किल्ली कोणाकडे आहे, याची नोंद असावी. विन्यासाची ताजी प्रत उपकरणाबाहेर सुरक्षित ठेवलेली असावी. ती असेल तरच पुनःस्थापनेची सोय बंद करण्याचा विचार करावा. अधिकाऱ्यांची ओळख एका मध्यवर्ती संगणकावरून पटविण्याची व्यवस्था मोठ्या जाळ्यात सोयीची असते; परंतु तो संगणकच बंद पडला तर उपयोगी यावे म्हणून प्रत्येक उपकरणात एक स्थानिक नाव व शब्द राखून ठेवावा. असा शब्द मोहोरबंद पाकिटात एकाहून अधिक जबाबदार व्यक्तींच्या स्वाधीन असावा, आणि पाकीट उघडले गेले की तो बदलावा. शेवटी, पुनःस्थापनेची क्रिया एखाद्या जुन्या, कामातून काढलेल्या राउटरवर विद्यार्थ्यांकडून वर्षातून एकदा तरी करवून घ्यावी. संकटाच्या रात्री प्रथमच ती करणाऱ्याच्या हातून प्रत घेण्याचा क्रम उलटण्याचा संभव फार असतो.